थेरपीसाठी इमारत मागू नका, ठरलेला वार मागा

प्रश्न एका आईचा आहे. राहायला किनाऱ्यावरच्या तालुक्यात. मुलगा साडेतीन वर्षांचा, अजून बोलत नाही, हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. तिथे महिन्यातून एकदा बोलावत होते, आता स्पीच थेरपिस्टची जागाच रिकामी झाली आणि विचारल्यावर "निधी नाही" असं उत्तर मिळालं. आसपासच्या वाड्यांत अशी आणखी पाच-सहा मुलं आहेत. त्या पालकांनी मिळून आमदारांकडे तालुक्याच्या ठिकाणी थेरपी सेंटरची इमारत मागायचं ठरवलंय. अर्ज कसा लिहावा, आणि दिव्यांगांसाठी एवढा निधी जाहीर होतो तो जातो कुठे, असं त्या विचारतात.

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवणं, बसणं, खेळणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत यासाठी काम करते. आधी जिल्ह्याच्या केंद्रात कंत्राटी नोकरी केली, नंतर स्वतःचं छोटं केंद्र सुरू केलं. तुमच्या तालुक्याचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. कोकणात मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मी ऐकत आले आहे.

अर्ज जरूर करा, पण इमारतीसाठी नको. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून भिंती येतात, छप्पर येतं, फार तर व्यायामाची उपकरणं येतात. दर महिन्याचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून उद्घाटन होतं, फोटो येतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या खोलीत पल्स पोलिओचे बॅनर आणि मोडक्या खुर्च्या जमा होतात. तुमच्या मुलाला हवा आहे तो दर आठवड्याला तोच माणूस, त्याच वेळी, एसटीने जाऊन दुपारच्या गाडीने परतता येईल इतक्या अंतरावर. हे ग्रामीण रुग्णालयाच्या एका रिकाम्या खोलीतही होतं. खोलीला दार, पंखा, खाली सतरंजी आणि जवळ स्वच्छतागृह असलं की काम चालतं.

आता "निधी नाही" या उत्तराकडे येऊ. याच एका वाक्यामागे तीन निरनिराळ्या परिस्थिती असतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. पद मंजूरच नसेल तर ती एक गोष्ट. मंजूर आहे, पगाराची तरतूदही आहे, पण माणूस मिळत नाही किंवा सोडून गेला, ही दुसरी. आणि माणूस आहे, पण त्याला भलत्याच कामाला जुंपलंय, ही तिसरी. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तपासणी पथकांना किती महिने त्याच कामाला लावलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आधी कळायला हवं की तुमच्याकडे या तीनपैकी नेमकं काय आहे. तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा, दहा रुपयांचं शुल्क लागतं, उत्तराची मुदत तीस दिवस. विचारायचं एवढंच: केंद्रात कोणती पदं मंजूर आहेत, त्यातली आज किती भरलेली आहेत, रिकामी पदं कधीपासून रिकामी आहेत आणि त्यासाठी शेवटची जाहिरात कधी निघाली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त बोलकं असतं.

तुमच्या अंगणवाडीत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा त्यांनी जायचं असतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी ते शोधतात. हे शोधण्याचं काम बरंच रुळलं आहे, कारण त्यांना ठरलेली गाडी आणि ठरलेलं वेळापत्रक आहे. अडचण शोधल्यानंतरची. सापडलेली सगळी मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातात, तुम्हाला चिठ्ठी मिळाली ते हेच, आणि असं केंद्र जिल्ह्याला एक. त्याच्या रचनेत फिजिओ एक, ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट एक, मानसतज्ज्ञ एक, विशेष शिक्षक एक. रत्नागिरीत नऊ तालुके, सिंधुदुर्गात आठ. शोधणारे तालुक्या-तालुक्यात आणि बरं करायला बसलेला माणूस एकच, अशी ही मांडणी आहे.

जरा हिशेब मांडून पाहा. समजा स्पीच थेरपिस्टकडे १५० मुलांची नोंद आहे. नीट सेशन द्यायचं, आईला समजावून सांगायचं आणि नोंद लिहायची, तर दिवसाला सहा मुलांच्या वर होत नाहीत. पाच दिवसांत तीस. म्हणजे सगळी पदं भरलेली असताना, रजा-बैठका न धरता, एका मुलाची पाळी पाच आठवड्यांनी येते. तुम्हाला महिन्यातून एकदा बोलावत होते त्यात त्या थेरपिस्टबाईंचा दोष नव्हता. आणि विकासातला उशीर असलेल्या लहान मुलाला पाच आठवड्यांनी एकदा थेरपी म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. मूल त्या खोलीला, त्या माणसाला सरावेपर्यंत वेळ संपते.

पैसे कुठून येतात तेही सांगते, म्हणजे दार कुठलं ठोठवायचं ते कळेल. या केंद्राचा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो, त्यात केंद्र सरकारचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. जिल्ह्याने आपली मागणी आराखड्यात घालायची, ती राज्याकडून दिल्लीला जाते, मंजूर झालेल्या बाबींची यादी परत येते. पूर्वी हा आराखडा वर्षाचा असे, मग २०२२-२४ आणि २०२४-२६ असे दोन-दोन वर्षांचे आराखडे झाले. याचा अर्थ तुमच्या तालुक्याची गरज आराखडा बनताना कागदावर आली नाही, तर पुढच्या आराखड्यापर्यंत थांबा. पालक साधारण मुलाचा त्रास वाढला की अर्ज करतात, कार्यालय आराखड्याच्या तारखा पाहून चालतं. म्हणून अर्जावर 'पुढील कृती आराखड्यात समावेश करावा' हे शब्द असू द्या, आणि एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या.

माणसं टिकत नाहीत त्याचं कारण मला जवळून माहीत आहे. नेमणूक अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा आदेश. ठोक मानधन. बँक घरासाठी कर्ज देताना हात आखडता घेते. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण थेरपिस्ट मुळात दहा वर्षं थांबतच नाही. ऑक्युपेशनल थेरपीची जुनी सरकारी आणि पालिकेची कॉलेजं मुंबईत आणि नागपुरात, केईएम, सायन, नायर ही त्यातली. वाक् व श्रवणासाठीची अली यावर जंग संस्था वांद्र्याला. तिथून शिकून निघालेल्या मुलीला मुंबई-पुण्यात खासगी केंद्रात दर सेशनचे पैसे मिळतात, सोबत चार वरिष्ठ असतात, शिकायला मिळतं. इकडे ती एकटी. तिच्या विषयातलं दुसरं माणूस जिल्ह्यात नसतं. नुसतं मानधन वाढवूनही हे सुटत नाही, कारण एकटेपणा फार मोठा असतो. फिजिओचं त्या मानाने बरं आहे, चिपळूणजवळ डेरवणला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, इथलीच मुलं शिकतात आणि इथेच राहायला तयार असतात. माझं स्पष्ट मत असं की बाहेरून माणूस आणून बसवण्यापेक्षा जिल्ह्यातल्या मुलींना शिष्यवृत्ती देऊन मुंबईला शिकायला पाठवावं आणि पाच वर्षं जिल्ह्यात काम करायचं बंधन घालावं. त्याला वेळ लागेल, तुमच्या मुलाला तितका वेळ नाही, म्हणून आजच्या उपायाकडे वळते.

तालुक्याला आठवड्यातला एक ठरलेला वार. आठवडा बाजार जसा जाहिरात न करता भरतो, कारण वार सगळ्यांना ठाऊक असतो, तसं थेरपीचं व्हायला हवं. जिल्ह्याच्या केंद्रातले थेरपिस्ट आठवड्यातले दोन दिवस दोन तालुक्यांत बसले तर केंद्रातली गर्दी कमी होते आणि लांबची मुलं गळत नाहीत. मुलं गळतात ती बहुतेक वेळा प्रवासामुळे. वाडीतून थांब्यापर्यंत रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, ती घ्याच, पण बुडालेल्या मजुरीला सवलत नसते. मालवणकडच्या एका आजीने मला सांगितलं होतं, "एस्टी चुकली काय दिस गेलो." आंब्या-काजूच्या हंगामात, भातलावणीत आणि गणपतीत हजेरी घटते. ते बेफिकीर पालक म्हणून नाही, घरात दुसरे हात नसतात म्हणून. वार ठरवताना हे लक्षात घ्या. ज्या दिवशी तालुक्याला बाजार असतो तोच वार मागितला तर पालक तसेही येणार असतात.

यासाठी नवीन पद लागत नाही, प्रवास भत्ता लागतो आणि वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. भत्त्याचा खर्च किरकोळ असतो, पण त्याचं हेड, म्हणजे तो टाकायचं खर्चाचं खातं, कुठलं यावर कागद अडतो. तेव्हा अर्जात हेही सुचवा की तपासणी पथकाची भाड्याची गाडी त्या एका दिवशी खाडीपलीकडच्या गावांतली मुलं आणायला वापरू द्यावी. काही ठिकाणी हे जमतं, काही ठिकाणी गाडीचे किलोमीटर आधीच संपलेले असतात. ते अधिकाऱ्यावर आणि पथकावर अवलंबून आहे, त्यामुळे आधी पथकाच्या डॉक्टरांशी बोला. तुमच्या गावाची वाट त्यांना तोंडपाठ असते आणि मुलगा त्यांनीच शोधलाय, त्यांना आस्था असते.

पाच टक्क्यांबद्दल बरंच बोललं जातं. ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आता ग्रामपंचायतीचं घरपट्टी-पाणीपट्टी मिळून स्वउत्पन्न समजा चार लाख असेल, तर पाच टक्के म्हणजे वीस हजार. मार्च आला की हे वीस हजार गावातल्या सगळ्या दिव्यांगांना सारखे वाटून टाकतात. वाटपाला माझा विरोध नाही, घराला ते पैसे लागतात. पण एका ग्रामपंचायतीच्या पैशातून थेरपिस्ट ठेवता येणार नाही हेही खरं. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातला, म्हणजे तिच्या स्वउत्पन्नातला, पाच टक्क्यांचा वाटा मोठा असतो, तो समाजकल्याण विभागाकडे असतो. तालुक्याच्या वाराचा प्रवास भत्ता, सतरंज्या, खेळणी, आणि एखाद्या खासगी थेरपिस्टला दर भेटीचं मानधन देऊन बोलावणं, हे त्यातून मागता येतं. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांचं हेड असतं, तिथेही पालकमंत्र्यांकडे प्रस्ताव जाऊ शकतो. आमदारांना भेटायचं ते यासाठी. त्यांचं पत्र इमारतीपेक्षा या प्रस्तावाला जास्त उपयोगी पडेल. किनाऱ्यावरच्या कंपन्यांचा सामाजिक निधीही मिळतो, पण तो वर्षा-दोन वर्षांचा असतो आणि थांबला की मुलं पुन्हा रस्त्यावर. सुरुवातीला घ्या, त्यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट आत्तापासून डोक्यात ठेवा. मूल सहा वर्षांचं झालं की ते आरोग्य खात्याच्या केंद्राकडून शिक्षण खात्याकडे सरकतं आणि कागद मात्र सोबत सरकत नाही. शाळेत गेल्यावर समग्र शिक्षा अभियान, गटसाधन केंद्र, विशेष शिक्षक असा नवा संसार. तिथे दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते. त्यातच साहित्य, उपकरणं, मदतनीस भत्ता, थेरपी सगळं बसवायचं. महिन्याला तीनशेही होत नाहीत, शहरात एका खासगी सेशनलाही ते पुरत नाहीत. विशेष शिक्षकांचा पगार वेगळा आहे आणि त्यांच्या संख्येचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं. पण कोकणातल्या शाळा लहान, वाडीवस्तीवर विखुरलेल्या. एका शाळेत असं एखादंच मूल. दहा मुलं मोजायला दहा गावं फिरावी लागतात आणि त्या फिरण्याचे तास कुठल्याच प्रमाणात धरलेले नसतात. विशेष शिक्षकाकडून आठवड्याला भेटीची अपेक्षा ठेवताना हे ध्यानात असू द्या. सहावं वर्ष लागायच्या आत केंद्रातल्या सगळ्या नोंदींच्या झेरॉक्स स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.

पैसा चुकीच्या जागी कसा लागतो याचं एक उदाहरण देते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेला एक चार वर्षांचा मुलगा होता. शिबिरात त्याला व्हीलचेअर मिळाली होती, मोठ्या माणसाच्या मापाची, ती पडवीत उभी. जेवण आजीच्या मांडीवर आडवं झोपवून, मान मागे, वरून पेज ओतायची. प्रत्येक जेवणात ठसका, वर्षातून दोन-तीनदा छातीत कफ होऊन दवाखाना. आम्ही घरातच दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाट ठेवला, पाठीला कोपरा, दोन्ही बाजूंना पंच्याच्या गुंडाळ्या, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. पेजेऐवजी मऊ भात पेजेत घोटून दाट केला. चमचा समोरून, ओठांच्या खाली धरायचा आणि त्याने स्वतः ओठ मिटेपर्यंत थांबायचं. नंतर गावच्या सुताराने उरलेल्या प्लायवूडची त्याच मापाची कोपऱ्याची खुर्ची करून दिली. आजीला हे शिकायला काही आठवडे लागले, पण ठसका कमी झाला आणि दवाखान्याच्या फेऱ्याही. त्या खुर्चीचे पैसे कुठल्याच हेडमध्ये बसले नाहीत, कारण ती मंजूर उपकरणांच्या यादीत नव्हती. आजीला शिकवण्यात गेलेले माझे तासही कुठे मोजले गेले नाहीत, कारण अहवालात 'लाभार्थी' म्हणून मुलाचंच नाव लिहायचं असतं. म्हणून मी तालुक्याच्या वारात पालकांना शिकवण्याचा वेळ वेगळा धरा म्हणते. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस थेरपी घरातच होणार असते.

आता तुमच्या मुलाचं. न पाहता निदान मी सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण स्पीच थेरपीच्या आधी कानाची तपासणी, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहणारी 'बेरा' चाचणी, झालीच पाहिजे. हाकेला कधी बघतो कधी नाही, यामागे ऐकू येण्याचा प्रश्नही असू शकतो, आणि तो सुटल्याशिवाय बाकीचं सगळं वाया जाईल. जिल्हा रुग्णालयात सोय नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मागा. सिंधुदुर्गातून लोक गोव्याला बांबोळीला जातात, उत्तर रत्नागिरीतल्यांना डेरवण जवळ. केंद्रात थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, त्यासाठी कुणी थांबायला सांगितलं तर थांबू नका. प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज बाजूने चालू ठेवा. पुढे निदान स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असं आलं, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण थेरपीचाही भाग येतो. आपल्याकडच्या जनआरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी असल्यामुळे दर आठवड्याच्या थेरपीला त्यांचा उपयोग होत नाही. खासगी थेरपिस्टकडे गेलात तर नोंदणी क्रमांक असलेली पावती दर वेळी मागून घ्या. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

तोवर घरी मोबाइल जेवताना पूर्ण बंद. त्याच्या आवडीचं काहीतरी, समजा खोबऱ्याची वडी, दिसेल पण हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. त्याने बोट दाखवलं, हात धरून नेलं, आवाज केला, यातलं काहीही चालेल, तेवढ्यावर लगेच द्या आणि एकच शब्द म्हणा. "बोल, बोल" म्हणून मागे लागू नका. मनात दहापर्यंत मोजून थांबा. व्हिडिओ कॉलवर मी हे पालकांना करून दाखवते, जिथे रेंज मिळते तिथे.

अर्जावर सगळ्या पालकांच्या सह्या घ्या, प्रत्येक मुलाचं वय, गाव आणि तालुक्याच्या ठिकाणापासूनचं अंतर लिहा. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना विचारलंत तर आणखी नावं निघतील. पंधरा-वीस नावं असली की आठवड्याचा एक दिवस तिथे घालवणं कार्यालयालाही पटवून देता येतं. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, प्रत आरोग्य अधिकारी, समाजकल्याण अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. बेराचा अहवाल आला की इथेच लिहा, पुढचं त्याप्रमाणे सांगते.